गुडघ्याचं ऑपरेशन झालंय? राजारामपुरीतल्या या फिजिओकडं जा, पण जिन्याची तयारी ठेवा

पाचपैकी साडेचार. अर्धा लिफ्टचा कापलाय, त्याचं पुढं येईलच.

नाव मुद्दाम लिहीत नाही. मॅडमना विचारलं होतं, तुमच्याबद्दल चार शब्द लिहू का. म्हणाल्या, "लिहा की दादा, पण नाव नको. संध्याकाळच्या वेळेवरनं आत्ताच भांडणं लागतात." राजारामपुरी, खाली झेरॉक्सचं दुकान, वर दुसरा मजला. कोल्हापुरात एवढ्या पत्त्यावर माणूस सापडतो.

माझं वय ३४. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कास्टिंग तपासायचं काम, म्हणजे आठ तास उभं. रविवारी पेठेतल्या आमच्या तालमीच्या टीमकडनं लेफ्ट बॅक. टीम मोठी नाही. शाहू स्टेडियमवर आमची मॅच असली की आमच्या नावानं ओरडणाऱ्यांत निम्मे आमचेच पाहुणे असतात. पण कोल्हापुरात फुटबॉल ही काय मोठ्या टीमवाल्यांचीच मिरास नाही. तालमीचं नाव अंगावर घातलं की माणूस चाळिशीपर्यंत बूट सोडत नाही.

जानेवारी २०२४, गांधी मैदान, प्रॅक्टिस मॅच. कुणी पाय घातला नाही, कुणी धक्का दिला नाही. बॉल घेऊन विंगर आत शिरला, मी डावा पाय रोवून वळलो. बूट मातीत जिथल्या तिथं राहिला आणि बाकीचा मी वळलो. गुडघ्याच्या आतनं उसाचं कांडं मोडल्यासारखा टक्क आवाज आला. मला वाटलं, सगळ्यांना ऐकू गेला. कुणालाच गेला नव्हता. पोरं म्हणाली, "उठ की, नाटकं करतोय काय." दोघांच्या मधे मोटरसायकलवर बसून घरी आलो. दुपारपर्यंत गुडघ्याचा नारळ झाला होता.

इथनं पुढचे तीन महिने मी जे केलं ते सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांतले निम्मे तरी तेच करत असणार.

तालमीतले वस्ताद म्हणाले, "आरं, शीर चढलीया. लेप लावून घे, चार दिवसांत उड्या मारशील." करवीर तालुक्यातल्या एका गावात हाडवैद्याकडं गेलो. त्यांनी गरम तेलानं रगडलं. रगडताना मी जे ओरडलो ते बाहेर बाकावर बसलेल्या माणसांनी ऐकलं आणि त्यातला एक उठून घरी गेला. लेप, वर पट्टा, आठवड्यानं परत. तीन आठवड्यांत सूज उतरली आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की लेपानं काम केलं. सूज तशीही उतरणारच होती, हे मला नंतर कळलं. हाडवैद्याला दोष देत नाही. त्यांच्याकडं हाड घेऊन जायचं असतं, मी दोर तुटलेला घेऊन गेलो होतो.

फेब्रुवारीत फौंड्रीच्या लोखंडी जिन्यावर गुडघा पहिल्यांदा सटकला. सटकला म्हणजे मांडी एकीकडं निघाली आणि नडगी दुसरीकडं. दुखण्यापेक्षा भीती जास्त वाटते, आपलाच पाय आपल्याला फसवतोय असं. मग एक्स-रे काढला. रिपोर्ट आला, हाडाला काही नाही. आईनं अंबाबाईला नारळ फोडला. आठ दिवसांनी परत सटकला, या वेळी ट्रॉलीवर पडलो आणि कोपराला चार टाके पडले. एक्स-रेत लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा दोर, दिसतच नाही, एवढी साधी गोष्ट मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळली.

मार्चमध्ये एमआरआय झाला. एसीएल पूर्ण तुटलेली, आतल्या बाजूची गादी जराशी फाटलेली. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा, करंगळीपेक्षा आखूड दोर. नडगी पुढं सरकू नये आणि वळताना गुडघा फिरू नये, हे त्याचं काम. सरळ चालताना त्याची आठवणही येत नाही. वळायला लागलं की येते. भारताच्या फुटबॉल टीमचा डिफेंडर संदेश झिंगन, त्याचा २०१९-२० चा आयएसएल लीगचा अख्खा सीझन याच दोरापायी गेला, हे आमच्या गोलकीपरनं मला धीर द्यायला सांगितलं. धीर आला नाही.

एमआरआयनंतरही एक वेडेपणा केला. ऑपरेशन टळतंय का बघू म्हणून घराजवळच्या एका सेंटरला दहा बैठका घेतल्या. तिथं काय करायचे? खाटेवर झोपवायचे, गुडघ्याला चार पट्ट्या चिकटवायचे, करंटचं मशीन लावायचे आणि जायचे. वीस मिनिटांनी घंटी वाजायची. मग जेल लावून दुसरं मशीन पाच मिनिटं फिरवायचे. एसी होता. सेकंड शिफ्टला जायच्या आधी मला तिथं अशी झोप लागायची की काय सांगू. दहा बैठकांनंतर माझी झोप सुधारली आणि डावी मांडी वाळून गेली. पँट एका बाजूला लोंबायला लागली, ते बायकोच्या लक्षात आलं.

एप्रिलमध्ये सर्जनकडं गेलो तेव्हा तयारीनं गेलो होतो, रजेचा अर्ज खिशात. त्यांनी पाय सरळ करायला सांगितला. होईना. टाच वर उचलून धरली तरी गुडघा दोन बोटं वाकलेलाच. म्हणाले, "हा असा गुडघा मी कापत नाही. आधी तो पूर्ण सरळ करून आणा, सूज घालवून आणा, मांडीत जरा जीव आणा. आत्ता ऑपरेशन केलं तर हा असाच आखडून बसेल." आणि या सेंटरचा पत्ता दिला. ऑपरेशनच्या आधी फिजिओ असतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तीन आठवड्यांत सहा बैठका झाल्या आणि मेच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन. ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुर्बिणीतनं केलं, माझ्याच डाव्या मांडीमागची शीर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, काढून तिचा नवा दोर केला, गादीचा फाटका तुकडा साफ केला, दुसऱ्या दिवशी घरी. खरं ऑपरेशन राजारामपुरीत झालं, नऊ महिने.

आता सेंटरचं.

आत गेल्यावर पहिल्यांदा निराशाच होते. मशीनच नाहीत. एक हॉल, भिंतीला मोठा आरसा, एक सायकल, एक लेग प्रेस, दोन-तीन उंचीचे लाकडी ठोकळे, रंगीत रबरी पट्ट्या खुंट्यांना टांगलेल्या, गोल बुडाची एक फळी आणि जमिनीवर चिकटटेपनं आखलेल्या रेघा. आमच्या तालमीत याहून जास्त सामान आहे. कोपऱ्यात करंटचं मशीन आहे, पण त्यावर बऱ्याचदा मॅडमची पर्स असते.

पहिल्या दिवशी मॅडमनी काय केलं? शिंप्याची टेप काढली. गुडघ्याच्या वाटीपासनं दहा सेंटिमीटर वर खूण केली आणि दोन्ही मांड्या मोजल्या. डावी चार सेंटिमीटरनं कमी. मग शाळेतल्या कंपासपेटीत असतो तसला, पण लांब पाय असलेला कोनमापक लावून गुडघा किती वाकतो, किती सरळ होतो ते लिहून घेतलं. वाटीच्या बाजूनं हात फिरवून आत पाणी किती आहे ते बघितलं. हे सगळं एका वहीत, तारखेसकट. नऊ महिने ती वही माझ्यासाठी पासबुक होती. दर पंधरा दिवसांनी मोजायचं आणि शिल्लक बघायची.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी कुबड्या घेऊन गेलो. लिफ्ट बंद. बाहेर कागद चिकटवलेला, 'दुरुस्तीचे काम चालू आहे'. गुडघ्याच्या दवाखान्याची लिफ्ट बंद! मी खालनं फोन केला. मॅडम खाली आल्या, मला वाटलं व्हीलचेअर आणतील. त्यांनी जिना चढायला शिकवला. "चढताना चांगला पाय आधी. उतरताना कुबड्या आणि ऑपरेशनचा पाय आधी." अडतीस पायऱ्या आहेत. त्या दिवशी वर पोचायला अकरा मिनिटं लागली, घामानं शर्ट पिळून निघाला, आणि मॅडम म्हणाल्या, "झाला की निम्मा व्यायाम." आत्ता हसू येतं, तेव्हा शिवी तोंडात आली होती. साठीच्या पुढच्या आज्ज्या गुडघे बदलून इथं येतात, त्यांनी काय करायचं? अर्धा मार्क त्यासाठी.

पहिला महिना सगळा एकाच गोष्टीत गेला, पाय सरळ करणं आणि मांडी आवळणं. ऐकायला किती सोपं वाटतं! टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा अधांतरी सोडायचा आणि दहा मिनिटं तसंच पडून राहायचं. मी फौंड्रीत काम करणारा माणूस, भट्टीसमोर उभा राहिलेलो, पण त्या दहा मिनिटांत मी घड्याळाला हात जोडायचो. घरी दिवसातनं पाच वेळा. झोपताना गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, हा कडक नियम. बरं वाटतं म्हणून सगळे घेतात आणि गुडघा वाकडाच जमतो. आईनं दोनदा मायेनं उशी सरकवली, दोनदा मी फेकली.

आणि मांडी? "मांडी आवळा" म्हणाल्या. मी आवळली. काहीच झालं नाही. म्हणजे मी सगळा जोर लावतोय, दात खातोय, आणि मांडी गरीब गाईसारखी पडून. उजवी आवळली तर दगड. मॅडम म्हणाल्या की गुडघ्यात सूज असली की मेंदूच त्या स्नायूचा पुरवठा तोडतो, गुडघा वाचवायला म्हणून. लाइटबिल भरलेलं असतं, पण डीपीवरनंच फ्यूज काढलेला. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी पर्स उचलली आणि करंटचं मशीन काढलं. पण झोपायचं नाही. करंट आला की त्याच्याबरोबर आपणही मांडी आवळायची, दहा मोजायचे, सोडायची. चौथ्या दिवशी वाटी जराशी वर सरकली. मी ओरडलोच. शेजारच्या खाटेवर खांद्याचा पेशंट होता, एक कुस्तीगीर, त्यानं टाळी वाजवली.

यात या सेंटरचं सगळं आलं. आधीच्या ठिकाणी मशीन काम करायचं आणि मी झोपायचो. इथं मशीन कमी आणि मी जास्त. आपल्याकडं उपचार म्हणजे कुणीतरी आपल्याला काहीतरी करणार अशी सवय आहे. तालमीत मालिश, गावात लेप, दवाखान्यात सुई. आपण आडवं पडायचं. मला पहिले दोन आठवडे खरंच वाटायचं की एवढे पैसे घेतात आणि हात लावत नाहीत. एकदा बोलूनही दाखवलं, "मॅडम, जरा चोळून तरी द्या." त्यांनी दोन मिनिटं वाटी हलवून दिली आणि म्हणाल्या, "हे दोन मिनिटं झालं. उरलेले तेवीस तास अठ्ठावन्न मिनिटं गुडघा तुमच्याकडंच असतो."

दुखण्याबद्दलचा त्यांचा नियम मला फार आवडला. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर गुडघा बघायचा. सूज वाढली असेल तर काल जास्त झालं, आज निम्मं करा. वाढली नसेल तर कालचं पचलं. पहिल्या रात्रीपासनं फोटो काढायची सवय लावली. माझ्या मोबाईलमध्ये पोरीचे फोटो कमी आणि गुडघ्याचे जास्त आहेत.

खाण्याचं एक. घरात पहिल्या दिवसापासनं पायाचं सूप. मटणाच्या दुकानात माझं खातं उघडल्यासारखं झालं होतं. मॅडमना विचारलं, यानं लिगामेंट जुळतं का? "सूप प्या, पण त्यात बुडून राहू नका. अंडी खाता? डाळ? दूध?" दूध म्हटल्यावर मी गंगावेशचा दूध कट्टा सांगितला, धारोष्ण म्हशीचं. त्या सांगलीच्या आहेत, त्यांनी डोळे मोठे केले आणि आधी उकळून घ्यायला सांगितलं. हे मी तालमीत सांगितलं नाही. मला अजून त्या तालमीत राहायचंय.

जुलैत पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, रस्ते बंद झाले, माझे आठ दिवस बुडाले. मॅडमनी व्हॉट्सॲपवर व्यायाम लिहून पाठवले, दिवसातनं दोनदा उलट विचारलं, "केले का?" खुर्चीवरनं एका पायावर बसणं-उठणं, पायरीवरनं टाच खाली सोडणं. आठ दिवसांनी टेप लावली तर मांडी अर्धा सेंटिमीटर वाढलेली. त्यांनी वहीत लिहिलं आणि पुढं एक पुराची लाट काढली.

आता ऑगस्ट. इथं मी सगळ्यात मोठा घात करणार होतो, आणि त्यासाठी मी साडेचार मार्क दिलेत.

तीन महिने झाले होते. मला काहीही होत नव्हतं. रंकाळ्याला फेरी मारत होतो, सायकल चालवत होतो, कुबड्या माळ्यावर गेल्या होत्या. तालमीत टीव्ही लावलेला. एक ऑगस्टला आपल्या राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ घेतलं, गावात गुलाल. मग सहा तारखेला विनेश फोगाट एका दिवसात तीन कुस्त्या मारून फायनलला गेली. अख्खी तालीम टीव्हीला चिकटलेली. दुसऱ्या दिवशी वजनाचं ते झालं, त्यावर आमच्यात अजून भांडणं होतात, ते सोडा. पण त्या संध्याकाळी वस्ताद माझ्या पाठीत थाप मारून म्हणाले, "बघ, त्या पोरीचापण गुडघाच कापला हुता. तिनं जगातली एक नंबर पाडली आणि तू रंकाळ्याला म्हाताऱ्यांसंगं फिरतुयास." पुढच्या रविवारी मित्रमंडळाची सेव्हन-अ-साइड होती. मी बूट पुसून ठेवले.

सोमवारी मॅडमना सहज सांगितल्यासारखं सांगितलं. त्या आवाज चढवत नाहीत, त्याचीच भीती वाटते. वही काढली. "विनेशचं ऑपरेशन कधी झालं? मागच्या ऑगस्टमध्ये, सतरा तारखेला. म्हणजे पॅरिसला जाईपर्यंत वर्ष होत आलं. तुमचं मेमध्ये झालंय. आणि तिला दिवसभर दुसरं काम नाही, तुम्हाला शिफ्ट आहे." मग कागदावर दोर काढून दाखवला. मांडीमागची शीर काढून गुडघ्यात बसवली की ती लगेच लिगामेंट होत नाही. आधी तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, ती कमजोर होत जाते, मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या येतात आणि हळूहळू ती बदलते. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, जेव्हा माणसाला एकदम झकास वाटायला लागतं, तेव्हाच आतला दोर सगळ्यात कच्चा असतो. वाटणं आणि असणं यांच्यात तेव्हा सगळ्यात जास्त अंतर. नॉर्वेतल्या रुग्णांवरचा २०१६ सालचा एक अभ्यास सांगितला. नऊ महिन्यांपर्यंत खेळायला उतरणं जेवढं पुढं ढकलाल, तेवढी दर महिन्याला परत दुखापतीची शक्यता निम्म्यानं उतरते. "रविवारी खेळायचं तर खेळा," म्हणाल्या, "पण सोमवारी इथं येऊ नका, सरळ सर्जनकडं जा."

रविवारी मी लाइन्समन झालो. बूट बायकोनं कपाटाच्या वर टाकले आणि स्टूल शेजारणीला दिलं.

त्यानंतरचे चार महिने कंटाळवाणे होते आणि ते कंटाळवाणेच असतात, कुणी काहीही सांगो. एका पायावर लेग प्रेस. ठोकळ्यावरनं उतरताना आरशात बघायचं, गुडघा आत पडला की मॅडम टाळी वाजवणार, परत पहिल्यापासनं. मांडीमागच्या स्नायूचं ते गुडघ्यांवर उभं राहून पुढं झुकण्याचं प्रकरण, ज्यात मी दोनदा तोंडावर पडलो. पळणं चौथ्या महिन्याच्या शेवटी सुरू झालं, विद्यापीठाच्या रस्त्यावर पहाटे, एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल. मग उड्या. उडी मारण्यापेक्षा उतरायला शिकण्यात जास्त दिवस गेले. मॅडम डोळे मिटून ऐकायच्या. धप्प आवाज आला तर चूक. मांजरासारखं उतरायचं. ७६ किलोचं मांजर.

परीक्षेचा प्रकार भारी आहे. जमिनीवरच्या त्या टेपच्या रेघा त्याच्यासाठीच आहेत. एका पायावर एक लांब उडी, मग सलग तीन, मग रेघेच्या इकडनं तिकडं आडव्या तीन, आणि सहा मीटर एका पायानं घड्याळ लावून. दोन्ही पायांचं मोजायचं आणि डाव्याचं उजव्याशी प्रमाण काढायचं. नव्वद टक्के पास. सहाव्या महिन्यात मला ७८ आले. दहावीला गणितात आले होते त्याहून जास्त, पण नापास. मी म्हटलं, मॅडम, दहा-बारा टक्क्यांनी काय होतंय. त्यांनी मोबाईलवर माझाच व्हिडिओ हळू करून दाखवला. डाव्या पायावर उतरताना गुडघा आत झुकत होता, गांधी मैदानावर झुकला असणार तसाच. गप बसलो. नवव्या महिन्यात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ९३.

तक्रारी. लिफ्टचं सांगितलं. संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळेत हॉलमध्ये आठ-नऊ माणसं आणि मॅडम दोन, मधे एक शिकाऊ पोरगी. लेग प्रेससाठी नंबर लागतो. मी फर्स्ट शिफ्ट करून चारला जायला लागलो तेव्हा खरी गोडी कळली. दुसरं, दहाव्या आठवड्यात मांडीमागं, जिथनं शीर काढली तिथं, एकदा अशी पकड आली की मी खाली बसलो. ती जागा आधी सांभाळायला हवी होती, असं मॅडम स्वतःच म्हणाल्या. कबूल केलं म्हणून राग गेला, पण दोन आठवडे गेले ते गेलेच. तिसरं, सर्जनच्या चिठ्ठीत पट्टा सहा आठवडे आणि मॅडमच्या मते तीन पुरे. दोघं एकमेकांना फोन करत नव्हते आणि मी पोस्टमन. शेवटी मीच एकाच्या केबिनमधनं दुसऱ्याला फोन लावून दिला, दीड मिनिटात मिटलं. आणि हो, रेडिओवर तेच तेच जाहिरातींचं चॅनेल. चॅनेल बदला.

पैशाचं सगळे विचारतात म्हणून लिहितो. पहिली तपासणी ७००, एक बैठक ४००, बारा बैठकांचं पॅकेज ४,२००. ऑपरेशनआधीच्या सहा बैठका सुट्या, नंतर सहा पॅकेजं. सगळं धरून २८,३००. मेडिक्लेमनं ऑपरेशनचे दिले, फिजिओचे एक रुपयाही नाही. फौंड्रीतल्या पगारात हे जड जातं, खोटं कशाला बोलू. पण आधीच्या सेंटरला एसीत झोपायला मी अडीच हजार दिलेच होते की.

एक अजून, मेडिकलमधनं घेतलेल्या नी-कॅपबद्दल. गुडघा सटकत होता तेव्हा मी तीन नी-कॅप घेतल्या, सगळ्यात महाग १,८५० ची, बाजूला पट्ट्या असलेली. गरम वाटतं, जरा धीर येतो. वळताना तुटलेला दोर ती धरत नाही. तिसऱ्यांदा सटकलो तेव्हा तीच घातली होती. विकायची आहे, कुणाला पाहिजे तर सांगा, एल साइज.

मॅडमनी सुटी देताना एक कागद दिला, फुटबॉलवाल्यांच्या वॉर्म-अपचा. फिफानं २००६ साली काढलेला, वीस मिनिटांचा, आठवड्यातनं निदान दोनदा करायचा. पळणं, मग ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम, उडी मारून नीट उतरणं, परत पळणं. नॉर्वेत मुलींच्या संघांवर तपासला तेव्हा मोठ्या दुखापती जवळजवळ निम्म्या झाल्या, हे २००८ सालीच छापून आलं. आमच्या तालमीचा वॉर्म-अप म्हणजे गोलवर चार शॉट आणि एक गुटखा. मोठी पोरं ऐकत नाहीत. सतरा वर्षांखालची बारा पोरं ऐकतात, कारण मी त्यांना नंतर अंडी देतो. रविवारी सकाळी साडेसहाला, गांधी मैदानाच्या कोरड्या कोपऱ्यात. वस्ताद बाजूला उभं राहून बघतात. परवा म्हणाले, "ह्यो बैठकीचाच प्रकार हाय की. आमी काय येगळं करत हुतो?" मग गुडघा आत पडला की टाळी वाजवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं.

मी मार्चच्या शेवटी वीस मिनिटं खेळलो, सेकंड हाफला. एकदा पाय रोवून वळलो, तेही न ठरवता. महिन्यातनं एकदा अजून राजारामपुरीला जातो, मांडी मोजून घ्यायला. फरक अर्धा सेंटिमीटरचा उरलाय.

जाणार असाल तर गाडी झेरॉक्सवाल्याच्या दारात लावू नका, तो हवा सोडतो. हाफ पँट घेऊन जा. एमआरआयचा रिपोर्ट पुरे, फिल्मची पिशवी लागत नाही. आणि लिफ्टचं म्हणाल तर गेल्या महिन्यात नवीन पाटी लागलीय. मजकूर तोच, 'दुरुस्तीचे काम चालू आहे'. फक्त या वेळी लॅमिनेट केलीय.